‘एकच प्याला’ बसवताय? मग आधी जातं आणा

मी नट नाही, दिग्दर्शकही नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होतो, आणि संध्याकाळी सातनंतर हौशी मंडळींचा प्रॉम्प्टर. दिवसा शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहायच्या, रात्री विंगेत बसून दुसऱ्याची वाक्यं हळू आवाजात वाचायची. अडतीस वर्षं हेच केलं. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकाची माझी प्रत आहे, तिच्या कडा पिवळ्या आहेत. पुस्तक जुनं झालंय असं बघणाऱ्याला वाटतं. ती हळद आहे.

मागच्या महिन्यात कॉलेजची चार पोरं घरी आली. याच नाटकाचा प्रयोग केला होता त्यांनी, बरा झाला होता म्हणे. मग त्यातली एक मुलगी खाली बघत म्हणाली, “काका, शेवटच्या अंकात लोक हसले ओ. मी मरत होते आणि मागच्या रांगेत हसत होते.”

म्हटलं, भडंग खा, सांगतो. त्या दिवशी दोन तास बोललो, ते इथं लिहून काढतोय. ज्याला शोकांतिका बसवायची आहे त्यानं घ्यावं, बाकीच्यांनी सोडून द्यावं.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. पब्लिक दगडाच्या काळजाचं नसतं. शेवटच्या अंकात ते हसतं तेव्हा चूक शेवटच्या अंकात क्वचितच असते. ती दीड तास आधी झालेली असते.

काटछाट

गडकऱ्यांचं नाटक पाच अंकी. त्या काळी लोक रात्र काढायच्या तयारीनं येत. आपल्याला अडीच-तीन तासांत उरकायचं असतं, म्हणजे कात्री आलीच. आणि मी पाहिलेल्या प्रत्येक मंडळीनं कात्री एकाच ठिकाणी चालवली आहे. सुधाकर दारू सोडतो ना, नोकरी शोधत फिरतो, ते सगळं दोन वाक्यांत गुंडाळतात. “कथानक पुढं सरकत नाही, काका.”

अहो, कथानक तिथंच आहे.

सुधाकर कसा माणूस? हुशार वकील. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद रद्द होते, डोक्यात अपमान जळत राहतो. हाताखालचा तळीराम म्हणतो, एक प्याला घ्या, विसर पडेल. इथपर्यंत पाहिलेल्या माणसाला वाईट वाटतं, निराश मात्र वाटत नाही. उतरणीला लागलेली गाडी उतरतच राहिली तर बघणारा पाच मिनिटांत सरावतो. आपल्या प्रत्येकाच्या गल्लीत एक दारुडा असतो, त्याच्याकडं बघून आपण कुठं रोज रडतो?

काळीज फाटतं ते गाडी मधेच चढणीला लागली की. तो दारू सोडतो. बायकोच्या, सिंधूच्या चेहऱ्यावर दोन दिवस रंग येतो. तो पूर्वीच्या ओळखी धुंडाळत कामासाठी हिंडतो आणि कोणी त्याला उभं करत नाही. मग तो परत प्याल्याकडं वळतो. आता मात्र बघणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो, कारण मधल्या वेळेत त्यानंही सुधाकरावर विश्वास टाकलेला असतो. तुम्ही हे कापलंत की शेवटी सुधाकर नुसता बायकोला मारणारा दारुडा उरतो आणि सिंधू नुसती मार खाणारी बाई. मग कोणी हसलं तर हसू दे, बिचाऱ्याला दुसरं काय करता येतंय?

म्हणून तालमीचा पहिला आठवडा फक्त आशेच्या प्रवेशांवर घालवा. सुधाकर करणाऱ्याला सांगा, शेवट विसर. या प्रवेशात तुला नोकरी मिळणार आहे असंच समजून बाहेर पड. कोटाची बटणं नीट लाव, कॉलर सारखी कर. आमच्या एका सुधाकरानं निघताना सिंधूकडून टोपी झटकून घेतली होती. संहितेत नाही ते. पण ती टोपी झटकतानाचा तिचा हात मी विंगेतून बघत होतो आणि पुढचं वाक्य द्यायला विसरलो. सुदैवानं त्याला आठवत होतं.

तळीराम आणि त्याच्या आर्य मदिरा मंडळाचे प्रवेशही काही मंडळी “गंभीर नाटकाला शोभत नाहीत” म्हणून छाटतात. छाटू नका. लोकांना हसायचं असतंच. तिथं मनसोक्त हसून घेतलं की शेवटाला हसायचं शिल्लक राहत नाही. सुधाकराचा मित्र रामलाल आणि बहीण शरद, त्यांचं उपकथानक मात्र खुशाल आटोपतं घ्या. गडकऱ्यांचे भक्त मला शिव्या देतील, देऊ देत.

थोडं मागचं

पोरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मोबाईल बाहेर काढले, म्हणून थोडक्यात. आपल्या गावाला नाट्यपंढरी म्हणतात ते 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथं पटवर्धन सरकारांच्या आश्रयानं ‘सीता स्वयंवर’ केलं त्यावरून. लग्न लागून संपणारी गोष्ट. संस्कृत नाटकांचा शेवटही बहुतेक गोडच. भासाचं ‘ऊरुभंग’ हा अपवाद. आपल्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी ‘शारदा’ नाटक लिहिलं 1899 साली. शारदेला जीव द्यायला नदीवर नेलं, पण कोदंडाकडून वाचवलं. त्याच देवलांनी त्याआधी 1890 मध्ये ऑथेल्लोवरून ‘झुंजारराव’ केलं होतं. म्हणजे दुःखी शेवट कसा असतो ते माहीत होतं, तरी आपल्या घरच्या मुलीला बुडू द्यायला हात धजला नसावा, असं आपलं मला वाटतं.

गडकऱ्यांनी कोणालाच वाचवलं नाही. बाळ जातं, सिंधू जाते, सुधाकर दारूत विष कालवून शेवटचा प्याला घेतो. आणि हे नाटक रंगमंचावर आलं बडोद्याला, 20 फेब्रुवारी 1919 रोजी. गडकरी 23 जानेवारीलाच गेले होते, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. पहिली सिंधू बालगंधर्वांची, म्हणजे आपल्या पलूसजवळच्या नागठाण्याचा माणूस. सुधाकर गणपतराव बोडस. त्यांच्यासारखं करायला जाऊ नका. तो गळा तुमच्याकडं नाही, आणि तो काळही नाही.

सिंधूचं काय करायचं

हा सगळ्यात अवघड भाग. हल्ली सिंधू करणारी प्रत्येक मुलगी तालमीच्या तिसऱ्या दिवशी विचारते, “ही बाई माहेरी का जात नाही? भाऊ न्यायला तयार आहे, बाप श्रीमंत आहे.” प्रश्न शंभर टक्के बरोबर. त्यावर दिग्दर्शक पातिव्रत्यावर भाषण देतो. मुलगी मान डोलावते, आणि दुसऱ्या दिवसापासून देवघरातल्या मूर्तीसारखी उभी राहून वाक्यं म्हणायला लागते. झालं, मेली सिंधू पहिल्याच अंकात.

मी वेगळं सांगतो. सिंधू सोशिक आहे असं धरूच नका. ती हट्टी आहे.

2019 च्या पुरात आमचं गावभाग पाण्याखाली गेलं. पाणी उतरल्यावर आम्ही काही जण घरोघर धान्याची पाकिटं वाटत होतो. आमच्याच बोळात एक म्हातारी, सत्तरीच्या पुढची, दारात चिखल उपसत होती. घरातला गहू भिजून आंबला होता, वास रस्त्यापर्यंत येत होता. पाकीट पुढं केलं तर खराटा थांबवून म्हणाली, “आमच्याकडं देत आलोय आजवर. घेणाऱ्यातले नाही आम्ही. पुढच्या घरी द्या.” आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. परत खराटा सुरू. आम्ही पाकीट तिच्या कट्ट्यावर ठेवून आलो. तासाभरानं पाहिलं तर ते शेजारच्यांच्या कट्ट्यावर होतं.

ही सिंधू. माहेरचा पैसा घेणार नाही म्हणाली ना, मग नाही. दळणं दळीन. तिच्या पदरात दुसरं काही राहिलेलं नाही. आपण घेतलेला निर्णय तेवढा आपला. आमच्या एका सिंधूला मी हीच गोष्ट सांगितली. ती दूध संघाच्या ऑफिसात कामाला होती, समजूतदार. दुसऱ्या दिवशी तिनं पद्माकराबरोबरचा प्रवेश असा केला की भाऊ खरोखरच एक पाऊल मागं सरकला. रडली नाही. उलट थोडी चिडली. आणि तालमीला बसलेल्या बायका पदर डोळ्यांना लावत होत्या.

सिंधूचं हे वागणं आज बरोबर वाटतं का? मला नाही वाटत. फौजदारासमोर नवऱ्याला वाचवायला ती खोटं बोलते तेव्हा मला अजून तिचा राग येतो. पण तो राग प्रेक्षकांना घरी न्यायचा आहे. तुम्ही तो रंगमंचावर करून दाखवू नका आणि तिची आरतीही ओवाळू नका. ती खोटं बोलते ते वाक्य साधं टाका, घरात साखर संपली असं सांगावं तितकं साधं.

जातं

खरं जातं आणा. थर्माकोलचं नको, फायबरचं तर मुळीच नको, ते खुंट्याबरोबर अख्खं फिरतं. आमच्या एका प्रयोगात जातं फिरत फिरत फूटलाइटपर्यंत गेलं आणि सिंधू त्याच्या मागून सरकत गेली. त्या दिवशीच्या हशाला मी पब्लिकला दोष दिला नाही.

खरं दगडी जातं वाटतं तितकं दुर्मीळ नाही. हरिपूर, अंकली, कुठल्याही गावात जुन्या घराच्या परड्यात पडलेलं असतं, मागितलं तर देतात. खुंटा सैल असेल तर ओल्या फडक्याची चिंधी लावून ठोकून घ्या. खाली गोणपाट अंथरा, नाहीतर रंगमंचावरच्या लाकडी लेव्हलवर दगड घुमतो आणि शब्द ऐकू येत नाहीत.

रिकामं जातं कधी फिरवू नका. दगडावर दगड घासला की करकर येते, ती दातांत जाते आणि घरी जातं पाहिलेल्या प्रत्येक बाईला कळतं की ही दळत नाहीये. मुठीनं शाळूची वैरण, म्हणजे ज्वारीचे दाणे, घालत राहायची. दाणे असले की आवाज खाली बसतो, घरघर येते. एक पाय पसरून, एक दुमडून बसायचं. खुंटा ओढताना अंग पुढं, सोडताना मागं. सुरुवातीला मुलींचे खांदे दुखतात, दुखू द्या. आठ दिवस रोज अर्धा किलो शाळू दळायला लावायचा. दहाव्या दिवशी ती थकायचा अभिनय करायचं आपोआप सोडते.

आणि आता नीट ऐका. वाईट बातमी, वाईट आठवण, जे काही यायचं ते आलं की जातं थांबवायचं नाही. सगळ्यांना तिथं थांबून तोंड झाकावंसं वाटतं. त्याऐवजी हात चालू राहू दे आणि फक्त वैरण घालायची विसर. पाच-सहा फेऱ्यांत दाणे संपतात, घरघरीची करकर होते. ते ऐकून ती भानावर येते आणि मूठ भरते. बास. एवढंच. भाव्यांच्या नावाच्या थिएटरात एकदा हे जमलं होतं. ती करकर सुरू झाल्यावर पहिल्या रांगेतल्या एका आजीनं आपोआप मूठ उघडून पुढं केली होती, दाणे टाकल्यासारखी. मी विंगेतून पाहिलं ते.

पदांविषयी एकच. दुःखाच्या पदावर टाळी घेऊ नका. टाळी आली की सिंधू जाते आणि गाणारी बाई उरते. पेटीवाल्याला सांगून ठेवा, शेवटचा षड्ज सोडायचा नाही. त्या सुरावरच पुढचं वाक्य सुरू. लोकांचे हात वर येतात आणि परत मांडीवर जातात. गाणाऱ्या मुली यावर रुसतात. रुसू द्या.

हात, प्याला, बाळ

सुधाकर झोकांड्या खातो ते पाहून माझं डोकं उठतं. मुरलेला दारुडा सरळ चालायची पराकाष्ठा करतो, चौकट धरून उंबरा ओलांडतो. आणि त्याचे हात प्याला घ्यायच्या आधी थरथरतात, घेतल्यावर स्थिर होतात. पोरं बरोबर उलटं करतात. आधी कापणारा हात आणि मग तो शांत झालेला हात दाखवला की सुधाकराचं लांबच लांब भाषण, दारुड्याच्या अवस्था सांगणारं, अर्धं आधीच कळून गेलेलं असतं. प्याल्यात बिनसाखरेचा गार कोरा चहा. कोल्ड्रिंक नको, ढेकर येते. आली होती. विष घेतल्यानंतर.

बाळ म्हणून बायका उशीला टकुचं गुंडाळतात. उशी हलकी असते आणि हात खोटं बोलू शकत नाहीत. जुन्या धोतराची पिशवी शिवा, त्यात साडेतीन किलो ज्वारी भरा, डोक्याकडं जास्त. मान धरल्याशिवाय उचलताच येणार नाही असं करा. मग तालमीच्या पहिल्या दिवसापासून ते बाळ सिंधूकडं द्या. ती भडंग खाताना मांडीवर, चहा पिताना खांद्यावर. बाळ गेल्यावर तिनं काय करायचं? मान धरायची सोडायची नाही. आता मान धरून उपयोग नाही हे आपल्याला कळतं, तिच्या हाताला अजून कळलेलं नाही.

गप्प बसायच्या जागा

हे माझं खातं, म्हणून सगळ्यात शेवटी ठेवलं.

पस्तीसेक वर्षांपूर्वी कवठेमहांकाळच्या बाजूला एका गावच्या उरुसात प्रयोग होता. मंडप, समोर दोन-तीन हजार माणूस, लहान पोरं पार विंगेपर्यंत. बाळ गेल्यानंतर आमची सिंधू त्या पिशवीकडं बघत बसली. बसली ती बसलीच. मी प्रतीत बघितलं, पुढचं वाक्य तिचंच. चार सेकंद, पाच, सहा. मला घाम फुटला. वाटलं, विसरली. दिलं वाक्य. दोन शब्दच दिले, पण मंडपात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता होती. माझा आवाज पार मागच्या बैलगाड्यांपर्यंत गेला. कोणीतरी “ओ, दमानं!” म्हणालं आणि सगळा मंडप हसला.

परतीच्या ट्रकमध्ये ती माझ्या समोरच्या ट्रंकेवर बसली होती. मिरज येईपर्यंत गप्प. मग म्हणाली, “काका, मला आठवत होतं.”

तेव्हापासून मी तालमीतच दिग्दर्शकाकडून सगळ्या गप्प जागा मागून घेतो आणि पेन्सिलीनं प्रतीत गोल काढतो. गोल आला की मी नाही. आत आकडा लिहायचा, किती मोजायचं तो. आठ असेल तर आठ, पण तो तालमीत ठरलेला. प्रयोगात नटी दहापर्यंत गेली तर जाऊ द्यायचं. श्वासाच्या जागांना आडवी रेघ. गडकऱ्यांची वाक्यं लांब, अलंकारांनी लगडलेली. रेघा नसतील तर नट मधेच धाप लागून भलत्याच शब्दावर थांबतो आणि लोकांना वाटतं हाच शोक.

गोल नसलेल्या ठिकाणी कोणी थांबलं तर ओळखायचं कसं? तोंडाकडं बघू नका, अंधारात ते फसवतं. पायांकडं बघा. विसरलेला माणूस अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर टाकतो, अंगठा वर उचलतो. मुद्दाम थांबलेल्याचे पाय जमिनीला चिकटलेले असतात. हे मला त्या उरुसानंतर समजलं. प्रॉम्प्टरची खुर्ची म्हणून मी नेहमी पुढच्या विंगेत बसकी ठेवतो, म्हणजे डोळ्यांच्या उंचीवर घोटे येतात.

गप्प जागा किती? अख्ख्या नाटकात चार. पाचवी मागायला दिग्दर्शक आला तर आधीची एक परत घ्या. दर वाक्यामागं पॉझ घेणारी मंडळीही पाहिली आहेत, त्यांचा प्रयोग बघताना लोक घड्याळं बघतात.

शेवटचा गोल पडद्याचा. सुधाकर कोसळला की पडदेवाल्याचा हात दोरीवर शिवशिवतो, कारण त्याला शेवटची एसटी गाठायची असते. त्याच्या शेजारी उभं राहून मनात अकरा मोजा. सहाव्या आकड्याला कोणीतरी खोकतं, तेव्हा घाबरू नका. आठच्या आसपास ते खोकणंही थांबतं. अकराला दोरी. घाईनं नाही, विहिरीतून पोहरा काढतो तशी. आणि नट मंडळींना ओळखपरेडीसाठी लगेच पुढं आणू नका. मेलेली सिंधू अर्ध्या मिनिटात हसत नमस्कार करायला आली की इतका वेळ जमवलेलं सगळं त्या नमस्कारात वाहून जातं. तोंडं धुऊन, चहा पिऊन येऊ द्या.

त्या पोरांचा पुढचा प्रयोग परवाच झाला. मी विंगेत नव्हतो, गुडघे साथ देत नाहीत, तिसऱ्या रांगेत कडेला बसलो होतो. हसले का लोक? तळीरामाला खूप हसले.

नंतर सामान आवरताना बॅकस्टेजचा पोरगा ती पिशवी दोन्ही हातांत धरून माझ्याकडं आला. मान नीट धरली होती त्यानं. “काका, ह्याचं काय करू? पेटीत टाकू?”

म्हटलं, पेटीत नको, सोंडे होतील. उसव आणि ज्वारी डब्यात काढ.